खोड काढायची नाही

"मटार सोलायला दिले, तर बाईंनी दाणे टाकले केराच्या बादलीत आणि सालं ठेवली डब्यात भरून. वर मी त्यांना घटका दिली. करते काय? खोड काढायची नाही ना."

पुढच्या सीटवरून हे बोलणं आलं. दुसरी बाई हसली, पण पोटातल्या पोटात.

मी मिरजेहून सांगलीला चालले होते. मांडीवर शिवलेल्या एप्रनचं गाठोडं होतं. एका शाळेची ऑर्डर मिळायची शक्यता होती आणि नमुना दाखवायला मुख्याध्यापिकेनं दुपारचं बोलावलं होतं. बसमध्ये मी मागच्या दारानं चढले, त्यामुळे आमच्याच कॉलनीतल्या वीणाताई देशिंगे आणि रुखसानाभाभी माझ्या नाकासमोर बसल्यात हे मला दिसलं, पण मी मागे आहे हे त्यांना दिसलं नाही. ओळख द्यायला हवी होती. पण दुसऱ्याचं गाऱ्हाणं आयतं कानावर येत असताना मध्ये तोंड घालायचं म्हणजे ताटातली भजी परत पाठवण्यासारखं. मी गप्प बसले.

"तुझे मटार गेले," वीणाताई म्हणाल्या. "माझ्याकडे मोटर चालू ठेवून निघून गेल्या. टाकी वाहून सगळा जिना धुऊन निघाला."

"तुमच्याकडेपण? कधी?"

"दिवाळीच्या आसपास. नंतर दोनदा. मला वाटलं, माझ्याकडेच होतंय."

"मला वाटलं, माझ्याकडेच."

कंडक्टर येऊन गेला. रुखसानाभाभी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पण सिस्टरांचा हात मात्र अजून तसाच आहे. सुई टोचलेली कळत नाही."

माझ्या मांडीवरचं गाठोडं खाली पडलं.

कारण सिस्टर त्या घटकेला माझ्या घरी होत्या. माझ्या सासूबाईंजवळ. आणि जेवणाआधी त्यांना इन्सुलिनचं इंजेक्शन द्यायचं होतं.

हे घटकेचं प्रकरण आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वीणाताईंनी कुठल्याशा मासिकात वाचून आमच्या कॉलनीत एक मंडळ काढलं होतं. आपला एक तास दुसऱ्याला द्यायचा. कुणाच्या आजाऱ्याजवळ बसा, कुणाची पोरं सांभाळा, कुणाला बँकेत घेऊन जा. त्याबद्दल एक घटका मिळायची. आपली नड आली की ती देऊन दुसऱ्या कुणाचा तास घ्यायचा. रुपये यात कुठं नाहीत. रुखसानाभाभींच्या घरी तंबोरे बनतात. त्यातले जे भोपळे चिरतात, त्यांच्या कवचाच्या रुपयाएवढ्या चकत्या कापून त्यांवर भाभींचे यजमान लाखेचा ठिपका देत. तीच आमची घटका. दिसायला अशी गोड की खर्चायला जीव होऊ नये. पंचांगातली घटका तासाची नसते, असं जोशीकाकांनी पहिल्याच बैठकीत सांगून पाहिलं. वीणाताई म्हणाल्या, मग तुम्ही चोवीस मिनिटांत निघून जा. विषय संपला.

पहिल्याच वर्षी मंडळ मोडायची वेळ आली होती, ती पोळ्यांवरून. कुणाच्या पोळ्या जाड, कुणाच्या वातड, आणि घटका मात्र सारखीच का, यावरून दोघी घरोघर बोलत सुटल्या. तेव्हा एक नियम झाला. दुसऱ्याच्या कामाची खोड काढायची नाही. पगार देत असाल तर काढा. इथं माणूस स्वतःचा तास देतंय, तो घ्यायचा आणि घटका हातावर ठेवायची. नियम चांगला होता. त्यावर मंडळ उभं राहिलं आणि नांदलं. जिच्या शंभर घटका होतील तिला वर्धापनदिनाला पहिला मान, साडीचोळी, आणि आजाऱ्याजवळ, औषधपाण्याला फक्त शंभरीवालीनंच जायचं, असंही पुढे ठरलं.

एस्तेर सिस्टर सगळ्यांच्या पुढे होत्या. मिशनच्या दवाखान्यात सगळा जन्म नर्स म्हणून गेलेला. नवरा वारलेला, मुलगा परदेशात. पांढरी साडी निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. कुणाकडेही बोलवा, पाच मिनिटं आधी दारात. आमच्या अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई, पाय गेल्यापासून खाटेवर होत्या आणि त्यांची जीभ पायांचंही काम करायची. माझ्या हातचं इंजेक्शन त्यांना म्हशीला टोचल्यासारखं वाटायचं. एस्तेर आली की मात्र दंड पुढे.

मी उभी राहिले. बस हलत होती.

"वीणाताई."

दोघींनी वळून पाहिलं आणि दोघींच्या चेहऱ्यांवरून मला कळायचं ते कळलं.

"सिस्टर माझ्याकडे आहेत. अक्कांचं इंजेक्शन आहे."

"अगं, इंजेक्शनचं वेगळं आहे," वीणाताई पटकन म्हणाल्या. "ते त्यांच्या हातात बसलंय. हात विसरत नाहीत. मटार नि मोटर म्हणजे आपलं... वय आहे. उकाडा किती आहे."

रुखसानाभाभींनी बेलची दोरी ओढली.

बस थांबेपर्यंत मी घरी फोन लावला. तेव्हा मोबाइल माझ्याकडे नवीन होता, घरी लँडलाइन. अक्कांचा हात फोनपर्यंत पोचत नसे. चार रिंगा झाल्या आणि सिस्टरांनी उचलला. मी 'हॅलो' म्हटलं.

"बोल कुमुद. पोचलीस?"

आवाज असा स्वच्छ, असा नेहमीचा, की मलाच लाज वाटली. मी म्हटलं, सहज केला. अक्का काय करतायत? इंजेक्शन झालं का?

"झालं की. कधीच दिलं. ताट वाढलंय, जेवतायत."

मी श्वास सोडला. वीणाताईंनी माझा चेहरा वाचून 'बघ, म्हटलं नव्हतं?' अशी मान हलवली. मग मी फोनवर दोन शब्द इकडचे तिकडचे बोलले, संध्याकाळी येते म्हटलं.

"ये सावकाश," सिस्टर म्हणाल्या. "इथली काळजी करू नकोस. मी आता त्यांना इंजेक्शन देते नि जेवायला वाढते."

"सिस्टर, देऊ नका. ऐका, देऊ नका, दिलंय तुम्ही."

"बरं, बरं," त्या म्हणाल्या, आपण लहान मुलाला म्हणतो तसं. फोन ठेवला गेला. मी पुन्हा लावला. रिंग वाजत राहिली, वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

मी आणि भाभी खाली उतरलो. वीणाताईंचं सांगलीला कोर्टात काहीतरी काम होतं, पण त्याही दाराच्या पायरीवर अर्ध्या उतरून उभ्या राहिल्या, मग कंडक्टर ओरडला तशा आत गेल्या. मी लगेच मागे येते, असं खिडकीतून म्हणाल्या. काही झालेलं नसणार, असंही म्हणाल्या.

रिक्षात मी मनाशी हिशेब मांडत बसले. ज्या गोष्टी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या नव्हत्या, त्या आता आपोआप रांगेला लागत होत्या. गेल्या महिन्यात सिस्टरांनी मला एकाच दुपारी दोनदा विचारलं होतं, नवरा गोव्याहून कधी येतोय. मी हसून दोनदा सांगितलं. त्यात काय एवढं? भाभी शेजारी बसून हळूहळू एकेक सांगत होत्या. कुणी त्यांना पोळ्या लाटायला बोलावणं सोडलं होतं, कारण गॅस तसाच चालू राहायचा. कुणी पोरांना शाळेतून आणायचं काम काढून घेतलं. पण घरात एकट्या बसतात, वाईट वाटेल, म्हणून वाती वळायला, कपड्यांच्या घड्या घालायला बोलवत. एवढंसं काम, तरी घटका पुरती एक. जेवढी त्यांची चूक व्हायची तेवढं काम लहान व्हायचं, आणि लहान म्हणून जास्त घरी बोलावणं. त्यांच्या चकत्यांचा डबा भरत गेला, तो असा. आणि मी तो डबा पाहून, सगळ्यांत भरवशाची बाई म्हणून त्यांना अक्कांजवळ बसवून आले होते.

"तुम्ही मला सांगितलं नाही," मी म्हटलं.

"काय सांगणार?" भाभी म्हणाल्या. "मटारांचं?"

घराचं दार लोटलेलंच होतं. आत पंखा फिरत होता. सिस्टर अक्कांच्या पायाशी खुर्चीवर बसून त्यांच्या पायांना तेल लावत होत्या. स्टुलावर ताट होतं. आमटीभात निम्मा तसाच. बशीत सिरिंज, बाटली, कापूस, सगळं रेषेत मांडलेलं, दवाखान्यात असावं तसं.

"लवकर आलीस," सिस्टर आनंदानं म्हणाल्या.

मी अक्कांजवळ वाकले. किती वेळा दिलं, म्हणून कानात विचारलं.

अक्का भिंतीकडे बघत होत्या. "एकदा."

"नक्की?"

"एकदा म्हटलं ना. मला काय खूळ लागलंय?"

अक्का खोटं बोलायच्या तेव्हा आधी चिडायच्या. पण चिडायच्या त्या खरं बोलतानाही. मी बशीतली सिरिंज उचलून पाहिली. आम्ही एकच सुई तीन-चार दिवस वापरायचो, तिच्यावरून काही कळेना. बाटली अर्धी होती, सकाळीही अर्धीच होती. मी सिस्टरांना विचारलं नाही. त्या तेलाची वाटी झाकत होत्या.

साखर तपासायचं यंत्र काढलं. बोटाला टोचलं. ऐंशीच्याही खाली आली होती. अक्कांची जेवल्यावर दोनशेच्या घरात असायची. मी परसदारी जाऊन डॉक्टरांना फोन केला. आवाज दाबून सांगितलं, की चुकून दोनदा दिलं गेलं असेल. 'कुणी' ते मी सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. ते म्हणाले, आत्ता साखर द्या, थोड्या थोड्या वेळानं तपासत राहा, घाम फुटला, बोलणं अडखळलं आणि साखर देऊन चढली नाही, तर थांबू नका, घेऊन या. मी आत आले. भाभींनी रिक्षावाल्याला दारातच थांबवून ठेवलं होतं.

अक्कांच्या कपाळावर घाम होता. पंखा चालू असताना.

"अक्का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण मी कोण हे शोधल्यासारखं. ओठ हलले. "शांती," म्हणाल्या. शांती ही त्यांची बहीण, माझ्या लग्नाआधीच वारलेली. त्यांचा हात धरला तर कापत होता, गारठलेला होता.

"साखर कमी झालीय यांची," सिस्टर एकदम म्हणाल्या. खुर्चीवरून उठल्या त्या एखाद्या तरण्या बाईसारख्या. "रुखसाना, उशी दे पाठीशी. कुमुद, हात चोळ." आणि मी काही म्हणायच्या आत स्वयंपाकघरात गेल्यासुद्धा. डबा उघडल्याचा, चमचा फिरल्याचा आवाज आला. त्या भांडं घेऊन आल्या आणि माझ्या हातात दिलं.

माझ्या घरात साखरेचा आणि मिठाचा डबा सारखाच आहे. पितळी, वर नावं नाहीत. एरवी मला त्याचं काही वाटत नाही.

अक्कांचं डोकं भाभींनी धरलं होतं. भांडं त्यांच्या ओठांपर्यंत नेलं आणि थांबले. थांबले, मग ते वळवून आधी स्वतःच्या तोंडाला लावलं. एक घोट.

गोड होतं. हवं तेवढं गोड.

मान वर केली तर सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. चेहरा बदलला नाही. फक्त पदराला हात पुसत होत्या, तो हात थांबला.

मी अक्कांना पाणी पाजलं. निम्मं हनुवटीवरून गळ्यात गेलं. पुन्हा केलं, पुन्हा पाजलं. या वेळी साखर मीच घातली. यंत्रावर आकडा पन्नाशीत आला तेव्हा भाभी दारात जाऊन रिक्षा फिरवून लावायला सांगून आल्या. अक्कांना उचलायचं कसं, कुणी पाय धरायचे, यावर आम्ही बोलायला लागलो. सिस्टर खाटेच्या कडेला बसून अक्कांची नाडी धरून होत्या. त्यांनी एकदाच मान हलवली. "जरा थांबा. नाडी भरतेय."

आणि खरंच, थोड्या वेळानं अक्कांनी डोळे नीट उघडले आणि म्हणाल्या, "गळ्यात चिकटचिकट काय ओतलंय गं माझ्या?"

मी हसले, की रडले, नीट सांगता येत नाही. पुन्हा टोचलं. आकडा सत्तरीत गेला. मग नव्वदीत. डॉक्टरांना कळवलं. ते म्हणाले, काहीतरी खायला घाला, पण संध्याकाळपर्यंत नजर काढू नका, औषध अजून अंगात आहे. मी केळं कुस्करून भरवत बसले. दर घासाला अक्का केळ्याला नावं ठेवत होत्या आणि मला ते कीर्तनासारखं वाटत होतं.

तेवढ्यात वीणाताई आल्या. घामाघूम, हातात ग्लुकोजचे दोन पुडे. सांगलीला उतरून त्याच बसनं परत आल्या होत्या. दारातून त्यांनी अक्का बसलेल्या पाहिल्या आणि चौकटीला टेकल्या.

मग खोलीत एक विचित्र गोष्ट सुरू झाली. सगळ्या जणी एकदम बोलायला लागल्या आणि कुणीच काही बोलेना. वीणाताई म्हणाल्या, या दिवसांत साखरेचं असंच वरखाली होतं. भाभी म्हणाल्या, त्यांच्या सासऱ्यांचंही व्हायचं. मी म्हटलं, यंत्रही जुनं झालंय. वीणाताई म्हणाल्या, हो, यंत्रांचा काही भरवसा नाही. सिस्टर खाटेच्या कडेला बसून होत्या. मांडीवर हात, हातावर हात. आमच्यापैकी कुणी त्यांच्याकडे बघत नव्हतं, आणि खोली एवढीशी होती.

"माझंच चुकलं," अक्का म्हणाल्या.

आम्ही थांबलो.

"मीच म्हटलं हिला, अजून एक दे. सकाळी चोरून लाडू खाल्ला होता. म्हटलं, साखर वाढायची. एस्तेर नको म्हणत होती, मीच हट्ट केला." त्यांनी माझ्याकडे असं रोखून बघितलं, की लाडू कुठला, घरात लाडू नाहीत, हे म्हणायची माझी छाती झाली नाही.

"अगं बाई, अक्का," वीणाताई केवढ्या मोकळ्या होऊन म्हणाल्या. "लाडवापायी असा जीव टांगणीला लावायचा? तरी म्हटलं, सिस्टरांकडून असं कसं होईल." भाभींनी पदरानं डोळे टिपले. म्हणाल्या, मी चहा टाकते सगळ्यांना. मीही उठले. खरं सांगते, तो लाडू मी दोन्ही हातांनी झेलला. आता सगळं पहिल्यासारखं होणार होतं. सिस्टर घरी जातील, उद्या कुणाकडे घड्या घालायला येतील, आणि अक्कांच्या इंजेक्शनाचं मी काहीतरी निमित्त काढीन. हे अक्षरशः मनात जुळवत मी स्वयंपाकघराकडे निघाले.

"कुमुद, बस," सिस्टर म्हणाल्या.

आवाज वॉर्डातला होता. मी बसले. भाभी दारात थांबल्या.

"अक्कांनी काही मागितलं नाही." त्यांनी अक्कांच्या पायावर हात ठेवला. "तुम्ही मला थांबवलं असेल, अक्का. थांबवलंत ना?"

अक्कांची हनुवटी हलायला लागली.

"मला ते आठवत नाही. दुसरं दिलेलं आठवत नाही, आणि पहिलंही नाही. तुझा फोन आला होता का, कुमुद? तोही नाही." त्या सावकाश बोलत होत्या, रिपोर्ट वाचून दाखवल्यासारख्या. "तू पाणी चाखून पाहिलंस ते बरोबर केलंस. मी तुझ्या जागी असते तर मीपण पाहिलं असतं."

"सिस्टर, असं काही नाही हो," वीणाताई म्हणाल्या. "वयानं होतं जरा."

"मी वॉर्डात होते ना, वीणा, तेव्हा नातेवाईक येऊन हळूच सांगायचे, पेशंटला आजार सांगू नका. त्याला सहन व्हायचं नाही. आम्ही पण हो म्हणायचो. आणि रात्री पेशंट मला जवळ बोलवून सांगायचा, सिस्टर, माझ्या घरच्यांना सांगू नका, त्यांना सहन व्हायचं नाही." त्या थोडं हसल्या. "दिवाळीपासून मी तुम्हाला सहन व्हायचं नाही म्हणून गप्प आहे. मला वाटत होतं, मला छान लपवता येतंय."

अक्कांनी त्यांचा हात घट्ट धरला होता.

"मला विसरायचा आजार झालाय," एस्तेर सिस्टर म्हणाल्या. "तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, आणि मलाही माहीत आहे."